लेकीची सायकल : साताऱ्यातल्या पाच महिन्यांच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

चिऊ १३ वर्षांची आहे, उंची १२९ सेंटिमीटर. तिला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मतःच एक गुणसूत्र जास्त. दादा सायकल काढून मित्रांकडे निघाला की ही फाटकापर्यंत मागे पळते आणि "मी पण" म्हणत तिथेच उभी राहते. दोन वर्षं आम्ही "पुढच्या वर्षी" म्हणत आलो. या पाडव्याला सायकल आणली.

नोंदी लिहितेय कारण सुरुवात करताना मला असं काही वाचायला हवं होतं आणि मराठीत मिळालं नाही. काय चुकलं तेही लिहिणार आहे. कुणाचे तरी पैसे आणि रविवार वाचतील.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी करून घेतल्या. दहा महिन्यांची असताना तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून हृदयाच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी हो म्हटलं. दुसरी गोष्ट मानेची. या मुलांचे सांध्यांचे बंध सैल असतात आणि काहींच्या मानेतल्या वरच्या दोन मणक्यांमधला बंधही सैल असतो. डॉक्टरांनी मान तपासली, एक्स-रे काढला, हरकत नाही म्हणाले. पण लक्ष ठेवायला सांगितलं आहे: मान दुखणं, मान एका बाजूला धरणं, चाल बदलणं, हातातली ताकद कमी होणं, लघवीवरचा ताबा जाणं. यातलं काही दिसलं तर सायकल बंद आणि त्याच दिवशी दवाखाना. आपल्या मुलाला विचारून घेतल्याशिवाय पुढचं काही करू नका.

खर्च: नवी २० इंची सायकल ५,२००, बाजूची चाकं ३५०, हेल्मेट ८५०, कोपर-गुडघ्याचे गार्ड ४५०.

२४ नोव्हेंबर

बाजूच्या चाकांवर मस्त चालवते. कॉलनीतल्या गल्लीत सहा फेऱ्या मारल्या. हे म्हणाले, महिनाभरात चाकं काढू. सगळ्यांना व्हिडिओ पाठवले.

८ डिसेंबर

चाकं काढली. मी हॅन्डल धरलं, यांनी सीट धरली. दोघंही एकदम बोलत होतो: "समोर बघ", "पायडल मार", "हॅन्डल सरळ", "घाबरू नको", "पाय, पाय!" चौथ्या प्रयत्नाला ती माझ्या बाजूला कलंडली आणि मला घेऊन पडली. तिला लागलं नाही. माझं मनगट मुरगळलं. ती उठली, हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं आणि चालत घरी गेली. त्यानंतर सायकलचं नाव काढलं की कानांवर हात ठेवते.

पाच रविवार गेले. त्यातले चार तर ती शिकतेय असं वाटण्यातच गेले, ते जास्त लागलं.

१५ डिसेंबर

फिजिओथेरपीच्या ताईंना दोन्ही व्हिडिओ दाखवले, हसरा आणि पडल्याचा. त्यांनी ते आवाज बंद करून दोनदा पाहिले. मग काय सांगितलं ते आठवेल तसं लिहितेय.

बाजूच्या चाकांवर सायकल कलतच नाही. वळताना सायकल आत कलायला हवी, ती उभीच राहते, मग मूल अंग बाहेर टाकायला शिकतं. दोन चाकांवर नेमकं उलटं लागतं: ज्या बाजूला तोल जातोय त्याच बाजूला हॅन्डल किंचित वळवावं लागतं, म्हणजे चाकं अंगाखाली येतात. चार आठवडे आम्ही तिच्याकडून चुकीचं घोटून घेतलं होतं.

दुसरं तिच्या हातांबद्दल. व्हिडिओत कोपरं काठीसारखी ताठ होती. मला वाटायचं ती घाबरते म्हणून. ताई म्हणाल्या, भीती आहेच, पण सांधे सैल असले की शरीर त्याभोवतीचे दोन्ही बाजूंचे स्नायू एकदम आवळून धरतं. स्थिर राहण्याची ती त्याची युक्ती आहे, हट्ट नव्हे. बारीक हालचाल पुष्कळदा करून अंगात मुरली की ते आवळणं कमी होतं. "सैल सोड" असं सांगून होत नाही.

तिसरं ऐकून मी गप्प झाले. ताईंनी मोजलं होतं: आम्ही दोघांनी मिळून एका मिनिटात २३ सूचना दिल्या होत्या. चिऊला ऐकलेलं धरून ठेवणं जड जातं, पाहिलेलं चटकन कळतं. शाळेतही तिची चित्रं बघून अक्षरं आली, सांगून नव्हे. पहिली सूचना पायापर्यंत पोचायच्या आत आम्ही दुसरी देत होतो आणि पोरीला वाटत होतं की आपण सगळ्यांत नापास होतोय.

हे मला आधी कळायला हवं होतं. तेरा वर्षं मी तिची आई आहे.

ठरलं ते असं: एका वेळी एकच शब्द. शब्द दिल्यावर मनात सातपर्यंत मोजायचं, तोवर काही बोलायचं नाही. रविवारचा तास बंद, रोज दहा मिनिटं. आणि तोल वेगळा, पायडल वेगळं. दोन्ही एकत्र नकोच.

२२ डिसेंबर

पायडल काढून सीट खाली घ्यायची, म्हणजे दोन्ही तळवे पूर्ण जमिनीला टेकतील आणि ती सायकलवर बसून चालेल, पळेल, मग पाय उचलून घसरेल. ऐकायला सोपं आहे. आमच्या नव्या सायकलची सीट सगळ्यात खाली घेतली तरी जमिनीपासून ६५ सेंटिमीटर. चिऊची जांघेपासून टाचेपर्यंतची उंची ५७. या मुलांचे पाय उंचीच्या मानाने आखूड असतात, म्हणून वयावर किंवा उंचीवर सायकल घेऊ नका. भिंतीला उभं करून, दोन पायांमध्ये वही धरून जांघेपासून मोजा आणि टेप घेऊन दुकानात जा.

नवी सायकल दुकानाने ३,८०० ला परत घेतली. १,४०० गेले.

जुन्या सायकलींच्या दुकानातल्या काकांकडे मधला दांडा नसलेली एक लेडीज २० इंची मिळाली, ९००. सीट ६२ वर. काकांनी स्प्रिंगची सीट काढून बिनस्प्रिंगची पातळ बसवली (१८०), तेवढ्याने साडेचार सेंटिमीटर कमी झाले. उरलेलं अंतर तिच्या जाड तळाच्या बुटांनी भरून काढलं. ते बूट तसेही हवेत, तळपाय सपाट असल्याने ती आत इनसोल घालते.

पायडल घरीच काढू म्हटलं. उजवं निघालं. डावं हलेना. तेल सोडलं, पान्याला पाइप लावून जोर केला, यांनीही केला. एक अख्खी दुपार. संध्याकाळी काकांकडे नेली तर त्यांनी पाहताक्षणी विचारलं, "ताई, कुठल्या बाजूला फिरवलंत?" डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. उजवं पायडल घड्याळाच्या उलट दिशेने सुटतं, डावं घड्याळाच्या दिशेने. आम्ही दुपारभर ते घट्ट करत होतो. ४० रुपये घेतले काकांनी.

२९ डिसेंबर

जागा ठरली: जिल्हा परिषदेचं मैदान, सकाळी पावणेसात. साताऱ्यात उतार पावलोपावली मिळतो, सपाट जागा शोधावी लागते. चालायला येणारे आजी-आजोबा असतात, पण एक कोपरा मोकळा मिळतो.

सायकल दाखवल्यावर ती मागे सरली. मी आग्रह केला नाही. दादा त्याच बिनपायडलच्या सायकलवर बसला, गुडघे कानाशी येत होते, आणि बसल्या बसल्या चालत गेला. एक फेरी. काही न बोलता सायकल तिच्यासमोर उभी केली. ती बसली. चार पावलं चालली. उतरली. आजचं एवढंच.

५ जानेवारी २०२५

आठ दिवसांत सात सकाळी मैदानावर. बसून चालते, आता जरा भराभर. पाय उचलत नाही.

"रोज थोडं" हे मनाला पटवून देणं मला अवघड गेलं, कारण दहा मिनिटांत काही झालेलं दिसत नाही. धीर मिळाला तो अमेरिकेतल्या एका जुन्या अभ्यासातून. मिशिगनचे डेल उलरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डाउन सिंड्रोमच्या तान्ह्या मुलांना आई-बाबांच्या हातांनी छोट्या ट्रेडमिलवर धरून चालवलं, रोज ८ मिनिटं, आठवड्याचे ५ दिवस. ती मुलं ट्रेडमिलवर न चालवलेल्या डाउन सिंड्रोमच्याच मुलांपेक्षा सरासरी १०१ दिवस आधी स्वतःची चालू लागली. ते २००१ साली छापून आलं. चिऊ २६व्या महिन्यात चालली. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. त्यावर आता झुरत नाही, पण आठ मिनिटांना कमी लेखणं सोडून दिलंय.

१२ जानेवारी

अडकलो आहोत. पाय उचलते आणि लगेच टेकते. वेग नसतो, म्हणून तोल राहत नाही, म्हणून घाबरते, म्हणून आणखी हळू जाते. "जोरात" हा शब्द तिला रागावल्यासारखा वाटतो.

दादाने उपाय काढला. जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून कपड्याच्या चिमट्याने मागच्या चाकाजवळ असा लावला की तारांना लागून फटफट आवाज येईल. आम्ही सगळ्यांनी लहानपणी केलेला प्रकार. चाक जोरात फिरलं की फटफट जोरात. मी एक शब्दही सांगितला नाही. दुसऱ्या दिवशी तिला ती फटफट हवी होती, म्हणून ती पळू लागली. खर्च शून्य.

१९ जानेवारी

संक्रांतीचे दोन दिवस गेले, मग सर्दीत तीन. परत आलो तेव्हा थोडं मागे गेली होती. एका सकाळी सावरलं.

मैदानाच्या कडेला हलका उतार आहे, २० मीटरमध्ये फारतर कमरेएवढा. त्यावरून सोडून पाहिलं. दोन पावलं पळून पाय वर. मोजलं: ३ मीटर. मग ४. मग पुन्हा २.

धरायचं कसं, यात आम्ही बरंच चाचपडलो. हॅन्डल धरलं की ती माझ्यावर रेलते. सीट धरली की तोल माझ्या हाताने सांभाळला जातो, ती शिकत नाही. शेवटी तिच्या जुन्या जॅकेटच्या पाठीवर दप्तराचा पट्टा शिवला, दुहेरी टाके घालून. पट्टा सैल धरून मागे पळायचं, ती खरंच पडत असेल तरच ओढायचा. सायकलला हात लावायचा नाही. घरी करणार असाल तर ही गोष्ट आधी करा.

२ फेब्रुवारी

१४ मीटर, पाय वर, पट्टा सैल. मधे एकदा डावीकडे कलली आणि हॅन्डल डावीकडे वळवून सरळ झाली. कुणी सांगितलं नव्हतं. कोपरं वाकलेली होती. मी मागे पळत होते, त्यामुळे तिचा चेहरा मला दिसला नाही. चालायला येणाऱ्या एका आजींनी दोन्ही हात वर केले ते तेवढे दिसले.

थांबणं मात्र बुटांनी. तळ झिजायला लागलेत. ब्रेकचा दांडा तिच्या बोटांना पुरत नाही, बोटं आखूड आहेत आणि पकडही कमी. काकांनी लहान मुलांच्या सायकलचे दांडे बसवले (१२०), आत नवी वायर तेल लावून घातली (६०). मागचा ब्रेक उजव्या हाताला आणला, तिचा तोच हात जोराचा. पुढचा सध्या सैल सोडलाय. घाबरून पुढचाच आवळला तर पुढे फेकली जाईल.

९ फेब्रुवारी

पायडल परत लावायची वेळ. उलट्या आट्यांचं लक्षात होतं, पण कुठलं पायडल कुठलं ते पाहिलं नाही. डावं उजवीकडे जोर करून बसवलं. थोडं आत गेलं आणि आटे खाल्ले. क्रँक (पायडल ज्यात बसतं तो दांडा) बदलावा लागला, २५० आणि मजुरी १००. पायडलच्या दांड्याच्या टोकावर एल किंवा आर कोरलेलं असतं. मैदानावर जाण्याच्या गडबडीत लावू नका.

स्टँड लावून मागचं चाक अधांतरी ठेवलं आणि अंगणात पायडलचा सराव. उजवा पाय दाबते, मग डावा दाबण्याऐवजी दोन्ही मागे फिरवते. इथेही आवाजाने काम केलं: मागे फिरवलं की फ्रीव्हील कटकट करतं. "कटकट नको" एवढाच शब्द. चार दिवसांत पूर्ण चकरा येऊ लागल्या. रोज दहा मिनिटं, संध्याकाळी, तुळशीपाशी.

१६ फेब्रुवारी

आज माझ्यामुळे तिला लागलं.

तिचे पाय पायडलवरून घसरतात. मांडीचे सांधे सैल असल्याने गुडघे बाहेर पडतात आणि तळवा सरकतो. मी चिकटपट्टीने बूट पायडलला बांधले. अंगणात, स्टँडवर, छान चाललं. मैदानावर तोल गेला तेव्हा पाय टेकता आला नाही आणि ती सायकलसकट आडवी झाली. पट्टा ओढायलाही उशीर झाला. गार्ड सरकून कोपर सोलवटलं. मान, डोकं ठीक. डॉक्टरांना दाखवून आणलं.

पाय कधीही बांधायचे नाहीत. दीड महिना पाय टेकवणं हाच तिचा भरवसा होता, मी तोच काढून घेतला.

२३ फेब्रुवारी

सोमवार-मंगळवार मैदानावर जायला नाही म्हणाली. गेलो नाही. बुधवारी स्वतःच फटफटचा पुठ्ठा घेऊन आली. पायडल पुन्हा काढली (या वेळी पाच मिनिटांत) आणि तीन दिवस नुसतं उतारावरून घसरली. जमतं ते आधी परत हातात येऊ दिलं.

दरम्यान रुंद, खरबरीत पायडल आणली, २२०. पायडलवर मधोमध लाल पट्टी, बुटाच्या चवड्याखालीही लाल. "लाल" म्हटलं की पाय बरोबर जागी जातो.

मिशिगनच्याच उलरिक यांनी सायकलवरही काम केलंय, २०११ साली छापलेलं. डाउन सिंड्रोमची ८ ते १५ वर्षांची मुलं, ५ दिवस, रोज ७५ मिनिटं, शिकवणारी माणसं तरबेज, सायकली खास. मागच्या चाकाच्या जागी रूळ असतो आणि जमेल तसा तो अधिक निमुळता करत नेतात. तरी पाच दिवसांत ५६ टक्के मुलं शिकली. उरलेली ४४ टक्के तेवढ्यात शिकली नाहीत. मला हा दुसरा आकडा जपून ठेवावासा वाटला. तिथल्या आयांचीही कोपरं सोललेली पोरं घेऊन घरी परतायची संध्याकाळ असेलच. आणि जी शिकली, ती वर्षभरानंतर बसून राहण्यात कमी वेळ घालवत होती. आम्हाला तेच हवंय. चिऊच्या वर्गातल्या मुली खेळायला जातात तेव्हा ही टीव्हीपुढे असते.

२ मार्च

क्रम उलटा लावला. जागेवरून सुरुवात करणं सगळ्यात अवघड, म्हणून ते शेवटी ठेवायचं. आधी उतारावरून घसरत वेग येऊ द्यायचा, मग "लाल", मग पायडल.

सोमवार ते शुक्रवार: पाय पायडलवर जाईपर्यंत वेग संपतो.

शनिवार: दीड चक्कर, थांबली.

रविवार, आज: उतार संपला तरी फटफट थांबली नाही. पट्टा माझ्या हातातून सुटला होता, मी सोडला नव्हता, मी पळण्यात कमी पडले. हे दुसऱ्या टोकाला उभे होते, त्यांनी नंतर पावलं मोजली: ३१ मीटर. तिथे ब्रेक न दाबता त्यांच्या पायांवर जाऊन थांबली आणि म्हणाली, "बाबा, सरका."

१६ मार्च

रोज जमतं असं नाही. दहा सकाळींत सहा चांगल्या. झोप कमी झाली, बद्धकोष्ठ झालं, मैदानावर पोलीस भरतीचा सराव करणारी मुलं जास्त आली, की नाही जमत. मी वहीत कारण लिहिते, तिला विचारत बसत नाही.

ब्रेक शिकवायला लिंबं ओळीने ठेवली. लिंबाच्या आधी थांबायचं. शब्द नाही, दादाने दोनदा करून दाखवलं. तिसऱ्या दिवशी ब्रेक दाबून थांबली, पण पाय टेकायला विसरली आणि हळूच आडवी झाली. आता दोन्ही एकत्र येतंय.

बाभळीच्या काट्याने तिसरं पंक्चर. ४० गुणिले ३.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी उभारून मैदानावर गेलो. कुणी नव्हतं. दोन अख्ख्या फेऱ्या, कुणाचा हात नाही, जॅकेटही घातलं नव्हतं. दादा शेजारून चालवत होता. फाटकाशी उभं राहून मी त्या दोघांच्या पाठी पाहत होते.

आजचा हिशेब, जसा आहे तसा. खर्च ५,०४०, त्यात नवी सायकल, बाजूची चाकं, क्रँक आणि पायडल काढायचे ४० धरून २,१४० आमच्या चुकांचे. पहिले पाच रविवार सोडले तर ७१ सकाळी, प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटं.

काय येत नाही: जागेवरून एका पायडलवर सुरुवात. ती तीन पावलं जमिनीवर ढकलून मग पाय उचलते. ताई म्हणाल्या तीच तिची सुरुवात असू दे. डावं वळण येत नाही, सगळ्या फेऱ्या उजव्या बाजूने. मागे वळून बघताना हॅन्डलही वळतं. रस्त्यावर न्यायचा विचार या वर्षी नाही. गाडीचा वेग ओळखून थांबायचं की जायचं हे ठरवायला तिला जो वेळ लागतो तो आमच्या रस्त्यावर कुणी देत नाही. कॉलनीची गल्ली आणि मैदान.

सीट एक सेंटिमीटर वर घेतली, गुडघे फार वाकत होते. चेन सैल झालीय, उतारावर दोनदा उतरली. उद्या मागच्या चाकाचे नट सोडून चाक थोडं मागे ओढायचं, मग लिंबं डाव्या वळणावर मांडायची.